सड्यावरचं पाणी

माझे वडील नागपुरात महालातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या तापमानावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून ओसरीवरच्या खांबाला त्यांनी स्वतःचं थर्मामीटर टांगलं होतं. उन्हाळ्यात दुपारी दोनला उठून ते बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी पेपर आला की म्हणायचे, "पाहा, खोटं छापून राहिले." बसस्टँडवर काटोलची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे ते एका खिडकीवर विचारायचे आणि मग दुसऱ्या खिडकीवर जाऊन पुन्हा विचारायचे. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, तर दोघं मिळालेले आहेत असं त्यांना वाटायचं.

अशा माणसाकडे माझ्यासाठी स्थळ आलं ते कोकणातलं.

मी बी.ए. होऊन घरी बसले होते. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी एका मुलाचं नाव सुचवलं. तो एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. मालवणच्या वरच्या अंगाला कुठंतरी त्याचं गाव होतं. वडील लहानपणीच गेलेले, गावी एकटी आई. जात जुळत होती. ड्रॉइंगच्या सरांना याहून जास्त माहिती नव्हती, आणि वडिलांच्या दृष्टीनं तीच पहिली खोट होती.

तो एका रविवारी सकाळी घरी आला. उंच, किडकिडीत, बोलायला शांत. आईनं चिवडा आणि चहा दिला. मी आतल्या दाराशी उभी होते. वडिलांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. त्यांनी गावाबद्दल विचारायला सुरुवात केली.

"घर कशाचं आहे?"

"जांभ्या दगडाचं, सर. आमच्याकडं दगड जमिनीतून कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं कापून काढतात."

वडिलांनी मान हलवली. हे पुस्तकात होतं.

"समुद्र दिसते का घरून?"

"दिसतो. पण खाली उतरायला दीड तास लागतो. आमचं गाव सड्यावर आहे. सडा म्हणजे डोंगरावरची सपाटी, नुसता दगड. पावसाळ्यात गवत आणि फुलं येतात, बाकी काही नाही."

"थंडी?"

"थंडी कसली? स्वेटर मी पहिल्यांदा नागपुरात घातला."

"आणि पाऊस तर लईच असन."

"जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत भिंती वाळत नाहीत. पश्चिमेकडच्या भिंतीला झावळ्यांची विणलेली झापं बांधावी लागतात, नाहीतर भिंत विरघळते," तो म्हणाला. मग चहाचा कप खाली ठेवून अगदी सहज बोलल्यासारखा म्हणाला, "मे महिन्यात मात्र प्यायला पाणी नसतं."

वडील सरळ होऊन बसले. "काय नसते?"

"पाणी, सर. विहिरी आटतात. बायका डोंगर उतरून झऱ्यावर जातात."

"राज्यातला सगळ्यात जास्त पावसाचा पट्टा आहे तो. मी वीस वर्षांपासून शिकवून राहिलो."

"पाऊस पडतो, सर. पण दगड त्याला धरत नाही. वर पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत खाली समुद्रात जातो."

तो गेल्यावर वडील बराच वेळ ओसरीत फेऱ्या मारत होते. आमचं मूळ घर काटोलकडचं, काका अजून तिथं संत्र्याची बाग करायचे. "आपल्याकडं पाऊस त्यांच्यापेक्षा किती कमी," वडील आईला म्हणाले. "तरी भर मे महिन्यात विहिरीवर मोट चालली, बागा जगल्या. अन् तिकडं प्यायले पाणी नाही म्हणते. हा माणूस कोकणातला नाहीच."

"मंग कुठला असन?" आई म्हणाली.

"तेच तर पाहा लागते. काहून लपवून राहिला? गावाकडं एखादी बायको असन. नाहीतर गावच नसन."

त्यानंतरचे दोन महिने वडिलांनी चौकशीत घालवले. त्याच्या खोलीमालकाशी बोलले. त्याला येणाऱ्या पत्रांवरचा शिक्का कुठल्या पोस्टाचा असतो, हे पोस्टमनला विचारलं. शिक्का त्याच्या गावाजवळचा निघाला, तेव्हा म्हणाले की तिकडं कोणी मित्र असेल, त्याच्याकडं पत्रं पाठवून तिथल्या पेटीत टाकायला सांगत असेल. मी हे ऐकून हसायचे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्याही मनात यायचं, की मुलगी बघायला आलेला माणूस आपल्या गावाचं वाईट कशाला सांगेल? सगळे तर चांगलंच सांगतात. पुण्याहून आलेल्या एका स्थळानं तर गॅलरीतून दिसणाऱ्या झाडांची संख्यासुद्धा सांगितली होती.

शाळेला सुट्टी लागली तसं वडिलांनी जाहीर केलं, की ते स्वतः जाऊन बघून येणार. न कळवता. "कळवलं का सजवून ठेवतात," ते म्हणाले. आईनं एकच अट घातली. "जिले राह्यचं आहे तिले घेऊन जा. तुम्ही दगडंच पाहून याल."

कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि तिथून एस.टी. घाट येईपर्यंत वडील खिडकीशी बसून मला सह्याद्रीची रचना समजावून सांगत होते. कडा संपला आणि गाडी खाली उतरायला लागली, तसे ते खिडकीचा गज धरून खाली बघायला लागले. एवढी खोल उतरण त्यांनी फक्त फळ्यावर काढली होती. खाली आल्यावर हवा बदलली. नागपूरचं ऊन अंगावर पडतं आणि भाजतं, सावलीत गेलं की निभतं. इथं सावलीतही सुटका नव्हती. घाम यायचा तो वाळायचाच नाही. साडी पोटऱ्यांना चिकटत होती. वडिलांनी शर्टाची वरची बटणं काढली, पण तरी म्हणाले, "हे दमट हवामान. पुस्तकाप्रमाणं बरोबर आहे."

गाव खरंच होतं. फाट्यावर उतरून त्याचं घर विचारून घेतलं आणि तासभर चढ चढलो. दोन्ही बाजूंना काजू आणि फणस होते. वर पोचल्यावर झाडं संपली आणि काळपट, खडबडीत, डोळ्यांना झोंबणारी सपाटी लागली. लांब खाली समुद्र होता. मी समुद्र पहिल्यांदा पाहत होते, पण थांबून पाहायला वेळ मिळाला नाही, कारण वडील भराभर पुढं निघाले होते. त्यांना कोणी आपल्याला आधी पाहायला नको होतं.

घर तांबड्या दगडाचं, कौलारू, लहान. खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, एक उंच बाई, त्याची आईच असणार, फोडलेली लाकडं रचत होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं नऊवारी. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि हात थांबवले.

"खंयसून इलात?"

कुठून आलो म्हणून आता वडील काय सांगतात, हे बघायला मी त्यांच्याकडं पाहिलं. वाटेत त्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं.

"मी शाळामास्तर आहे," वडील म्हणाले. "भूगोल शिकवतो. ही माझी मुलगी. इकडची जमीन, पाणी, याचा अभ्यास करायला आलो."

दुसऱ्याला खोटारडा ठरवायला आलेला माझा बाप इतकं सफाईनं खोटं बोलला, की मी खाली पाहू लागले.

"मे म्हयन्यात हय बघूक कोण येता?" ती बाई म्हणाली. "जमीन मोजूक इलात काय? माझ्या दिरान धाडलान तुमका?"

वडिलांनी नाही नाही म्हणून सांगितलं. तिला ते पटलं नाही हे उघड दिसत होतं. तिचा दीर मुंबईला होता आणि जमिनीच्या वाटणीवरून त्यांचं बिनसलेलं होतं, हे मला पुढं कळलं. तरी तिनं आम्हाला पडवीत बसवलं. आतून गुळाचे दोन खडे आणले आणि दोन पेले पाणी. पेले अर्धेच भरलेले होते.

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसासमोर आधी भरलेला तांब्या ठेवतात. अर्धा पेला म्हणजे एकतर कंजूषपणा, नाहीतर नाटक, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी माझं पाणी पिऊन टाकलं. वडिलांनी एक घोट घेतला आणि पेला हातात धरून उठले. ती आत गेली होती. खळ्याच्या पलीकडं उघडा कातळ होता. वडील तिथं वाकले, बोटांनी दगड चाचपला आणि पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं.

पाणी बघता बघता गायब झालं. थोडा ओला डाग राहिला, आणि तोही सुकायला लागला.

"पाहिलं का वं," वडील मला म्हणाले. वर्गात एखादा प्रयोग जमून आल्यावर होत तसे ते खूश झाले होते. "दगड पिते खरंच."

ती बाई दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. मी त्या क्षणी तिच्याकडं पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"मास्तरानू," ती म्हणाली, "ह्यां पाणी मी पहाटेक जावन हाडलंय."

वडिलांच्या हातात रिकामा पेला होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. ते काहीतरी पुटपुटले, प्रयोग, शाळेतली मुलं, असं काही. तिनं ऐकून घेतलं नाही. आत जाऊन दोन कळश्या आणल्या, एक माझ्या पुढ्यात ठेवली.

"चल गो. बापाशीन ओतल्यान तां भरून हाडूया."

मी कळशी उचलली. वडिलांनी आडकाठी केली नाही, करायला त्यांना तोंडच नव्हतं.

झऱ्याची वाट घराच्या मागून सरळ खाली जात होती. दगडात खोदलेल्या पायऱ्या होत्या, पण त्या इतक्या झिजलेल्या की आडवं पाऊल ठेवून उतरावं लागे. ती पुढं, मी मागं. ती वळून पाहत नव्हती. सपाट गावातली मी, मला चढ-उताराची सवय नाही. आमच्या नागपुरात सीताबर्डीचा किल्ला चढला तरी आम्ही धापा टाकायचो. अर्ध्यापासून मी बसत, हात टेकत उतरले. वर ऊन आणि आजूबाजूला काजूच्या बोंडांचा आंबूस वास. एवढ्या उन्हात माणसाला पावसात भिजल्यासारखं ओलं वाटतं, हे मला कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

खाली कड्याच्या पायथ्याशी एक कपार होती. कपारीत हातभर खोल खळगा, आणि त्यात वीतभर पाणी. चार बायका आधीच बसल्या होत्या. नारळाच्या करवंटीनं एकेक घोट गोळा करून कळशीत ओतायचा, खळगा आटला की तो पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. कोणी कोणाला घाई करत नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं पाहिलं. "पावणी," ती एवढंच म्हणाली. मला वाटलं, त्यांचा विश्वास बसलेला नाही.

आमची पाळी यायला तासाहून जास्त वेळ लागला. तोवर त्या चौघी एकेक करून निघून गेल्या. आम्ही दोघीच उरलो तेव्हा तिनं विचारलं, "तुमच्याकडं पाणी मुबलक मां?"

"नळ आहे," मी म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ येतं."

ती करवंटीनं पाणी भरत राहिली. मला आता मूग गिळून बसणं जमेना. वडील तिकडं वर काय शोधत असतील, कुणाला काय विचारत असतील, या विचारानंच मला लाज वाटत होती. मी सांगून टाकलं. आम्ही कोण, कशासाठी आलो, तुमचा मुलगा नागपुरात आमच्या घरी आला होता, आणि वडिलांना वाटतं तो खोटं बोलला.

तिचा हात थांबला नाही.

"माका ठावूक आसा," ती म्हणाली. "त्याचा पत्र इला माका."

 मग तिनं सांगितलं. मुलानं महिनाभरापूर्वी लिहिलं होतं, की एक मुलगी पसंत आहे, तिचे वडील मास्तर आहेत आणि फार संशयी आहेत, न सांगता येऊन धडकतील, तर घाबरू नकोस. फाट्यावरून दोन परकी माणसं चढताना दिसली तेव्हाच तिनं ओळखलं होतं.

"मग दिरानं पाठवलं का, असं काहून विचारलं?" माझ्या तोंडून घरची भाषा निघून गेली.

ती पहिल्यांदा हसली. वडील खरं बोलतात का ते तिला पाहायचं होतं.

त्या हसण्यानं मला हायसं वाटलं, आणि आपण उगाच संशय घेतला असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तिनं विचारलं, "मे म्हयन्यात पाणी नसता, ह्यां त्यानंच सांगितल्यान?"

"हो. स्वतःहून."

ती खळगा भरायची वाट पाहत कपारीकडं बघत राहिली. मग बोलली, पण माझ्याशी बोलल्यासारखं नाही.

"जेका बायल हय हाडूची आसता, तो मे म्हयन्याचां सांगात काय?"

मला नीट कळायला क्षणभर लागला. ज्याला बायको इथं आणायची असते, तो इथल्या मे महिन्याचं सांगेल का? मुलानं तिला प्रत्येक पत्रात लिहिलं होतं, की लग्न झालं की रत्नागिरीकडं बदली मागून घेतो, सून तुझ्याजवळ राहील. त्या भरवशावर तिनं पडवीला नवी कौलं घातली होती. आणि नागपुरात, आमच्या ओसरीत बसून, तो आमच्या मनात त्या गावाची धास्ती भरत होता.

"तेका परत येवचां नाय," ती म्हणाली.

भरलेली कळशी डोक्यावर घेऊन तो डोंगर चढणं मला जमलं नाही. अर्धी हिंदकळून माझ्याच खांद्यावरून गेली.  वर वडील पडवीत हात मांडीवर ठेवून एका जागी बसले होते. त्यांनी कुठंही जाऊन काही विचारलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. वाटेत वडील एकदाच बोलले. "मुलगा खरं बोलला," ते म्हणाले. "माही चूक झाली." त्यांनी आयुष्यात असं कबूल केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. झऱ्यावर काय बोलणं झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो घरी आला. वडिलांनी त्याला मानानं बसवलं आणि स्वतः कोपऱ्यावर जिलेबी आणायला गेले. आई आत होती. मी ओसरीत आले आणि त्याला विचारलं, "पाण्याचं तुम्ही कशासाठी सांगितलं?"

"खरं होतं म्हणून."

"खरं होतं ते मी पाहून आले. का सांगितलं ते विचारते."

त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. "आई काही बोलली का?"

"तुम्ही तिला बदलीचं काय लिहिता?"

त्यानं हातातला रुमाल घडी केला, पुन्हा उलगडला. मग म्हणाला, की अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यानं ते पाणी वाहिलं होतं. आई आजारी असली की एकटा जायचा. उद्या कोणी फसवलं म्हणू नये म्हणून सांगितलं. बदलीचा अर्ज तो करणार आहे, नक्की करणार आहे.

मला ते अर्धं खरं वाटलं. अर्ध्यावर लग्न करायचं का, हा प्रश्न मी महिनाभर घोळवला. शेवटी हो म्हटलं. तो मला आवडला होता, हे एक. आणि दुसरं असं, की ज्या बाईनं मला ओळखूनही तासभर झऱ्यावर बसवलं, तिच्याशी माझं काहीतरी नातं असावं असं मला वाटत होतं.

लग्नात मी त्याच्याकडून एक कबूल करून घेतलं. दर मे महिन्यात मी पंधरा दिवस सड्यावर जाणार. तो यायचा तर येईल. पहिल्या वर्षी आला, दुसऱ्या वर्षी ऑफिसात काम निघालं, मग काम दरवर्षी निघायला लागलं. मी जात राहिले, पुढं मुलीला घेऊन जायला लागले. पाणी न सांडता चढायला मला तीन वर्षं लागली. सासूबाई एकदाच नागपूरला आल्या, जानेवारीत. कोरड्या थंडीनं त्यांच्या टाचांना आणि ओठांना भेगा पडल्या. या हवेत काहीतरी कमी आहे, असं म्हणत आठ दिवसांत परत गेल्या.

बदलीबद्दल मी दरवर्षी विचारायचे. अर्ज वर गेला आहे, असं उत्तर यायचं. मग एका संक्रांतीला त्याच्या कचेरीतले एक गृहस्थ सहकुटुंब आले होते. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं, की रत्नागिरीची बदली याला दोनदा देऊ केली होती, यानंच नको म्हणून लिहून दिलं. नवरा तेव्हा आत तिळाचे लाडू आणायला गेला होता. मी पाहुण्यांना पाणी दिलं आणि विषय बदलला.

त्या मे महिन्यात मी ते सासूबाईंना सांगितलं. आम्ही खळ्यात बसून पश्चिमेच्या भिंतीसाठी झावळ्यांची झापं विणत होतो. समुद्रावर ढग जमायला लागले होते, अजून पावसाला पंधरा दिवस तरी होते. मला वाटलं त्या रागावतील, निदान डोळ्यांना पदर लावतील. त्यांनी पातीचं टोक ओढून घट्ट केलं.

"तेका तू सांगितलंस? तुका कळला म्हणान?"

"नाही."

"सांगू नको," त्या म्हणाल्या. "उगाच आणखी खोटां बोलात."

मग त्यांनी वर पाहिलं. त्यांना ढगांचा भरवसा वाटेना. आम्ही झापं तशीच सोडून उठलो आणि खळ्यातली लाकडं आत नेऊन रचायला लागलो.